विहिरीच्या दाराची तात्पुरती व्यवस्था

सन १९५५च्या जुलै महिन्यात, एका शुक्रवारी सकाळी, कुंभकोणमच्या आमच्या गल्लीतले निवृत्त शिरस्तेदार नरसिंहराव यांचा नातू वेणुगोपाळ, वय महिने आठ, हा कोणतीही पूर्वसूचना न देता रांगू लागला. रांगण्याची दिशाही त्याने परस्पर ठरवली. मधल्या खोलीतून चौकात, आणि चौकातून थेट विहिरीकडे.

विहिरीला तीन बाजूंनी कठडा होता. पाणी शेंदणाऱ्याला पाय रोवून उभं राहता यावं म्हणून चौथी बाजू मोकळी ठेवलेली होती, आणि गेल्या ऐंशी वर्षांत ती कुणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती. मधल्या खोलीला चौकाच्या बाजूने चौकट होती, पण दार नव्हतं. त्यालाही कारण होतं. आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना भिंती लावून उभी आहेत आणि मागे बोळ नाही. गोठा मागे आणि रस्ता पुढे, त्यामुळे गाईगुरं माणसांसारखी पुढच्या दारानेच येतात. नरसिंहरावांची गाय तुळजा सकाळ-संध्याकाळ उंबरा ओलांडून, ओसरीतून, मधल्या खोलीतून, चौकातून, विहिरीला वळसा घालून गोठ्यात जात असे. वाटेत दार असलेलं तिला आवडत नसे, म्हणून दार नव्हतं.

पहिल्या दिवशी वेणूला त्याच्या आईने चौकाच्या पायरीवर गाठलं आणि उचलून आणलं. मग तिने नवऱ्याला, म्हणजे राजगोपालला, सांगितलं, "अहो, त्या चौकटींत एक फळी ठोकून द्या. बेगीन द्या. पोर विहिरीकडे धांवतंय."

राजगोपाल पतपेढीत कारकून होता आणि स्वभावाने सज्जन होता. तो म्हणाला, "अप्पांना विचारतों."

इथून या प्रकरणाला सुरुवात झाली. मी समोरच्या घरात राहतो. माझं नाव चंद्रमौली. तालुका कचेरीत मी नरसिंहरावांच्या हाताखाली काम शिकलो, त्यामुळे कागदावर काही चढवायचं असलं की ते मलाच हाक मारतात. त्या दिवशीही मारली. मी गेलो तेव्हा ते झोपाळ्यावर बसून "फळी" हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत होते.

"फळी म्हणे! चंद्रमौली, आमच्या घराण्यांत दार म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक नसायला काय झालं? त्यांचे कुणी पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात आतल्या देवडीच्या दारावर होते आणि त्यांच्या हुकमाशिवाय ते दार हलत नसे, असं त्यांच्या घरात सांगत. आमच्या घरात असं सांगत की ते दार मुळात अडकलेलंच होतं. मी मान डोलावली.

"दार ही निवडायची गोष्ट आहे," नरसिंहराव म्हणाले. "ठोकायची नव्हे."

तो योजनांचा काळ होता. देशात धरण बांधायच्या आधी समिती बसत होती, मग घरात फाटक बसवायच्या आधी ती का बसू नये? त्याच दुपारी विहीरद्वार बालक व पाळीव जनावर सुरक्षा फाटक निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष नरसिंहराव, सदस्य त्यांच्या पत्नी विशालाक्षीबाई आणि राजगोपाल, कार्यवाह मी. मुलाच्या आईला सदस्य करावं अशी सूचना मी केली होती. ती या बाबतीत हितसंबंधी असल्यामुळे तिला समितीत घेणं योग्य होणार नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं. मला ते पटलं, हे कबूल करायला हवं.

"आणि अहवाल येईतों?" तिने आतून विचारलं.

"अहवाल येईतों सूनबाईंनी दारांत बसावं," अध्यक्ष म्हणाले. "चंद्रमौली, याला तात्पुरती व्यवस्था असं लिही."

मी तसं लिहिलं आणि ती बसली. चौकटीच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला तळवे, मध्ये पसरलेले पाय. तीन फुटांची चौकट तिच्या पायांनी बरोबर भरली. भाजी तिथेच चिरायची, तांदूळ तिथेच निवडायचे, फुलं तिथेच ओवायची. वेणू येऊन तिच्या पायांना धडकायचा, जरा रडायचा आणि परत फिरायचा. व्यवस्था पहिल्या दिवसापासून चोख चालली.

समितीने आधी घरातल्या सर्वांच्या गरजा नोंदवून घेतल्या. विशालाक्षीबाईंचं सोवळं कडक. त्या न्हाऊन ओलेत्याने चौकातून स्वयंपाकघरात जात. "लांकडाचं करा, लोखंडाचं करा," त्या म्हणाल्या, "मला शिवायला लावूं नका म्हणजे झालं." नरसिंहरावांची कंबर धरलेली, त्यामुळे कडी वाकून काढण्याजोगी नसावी. राजगोपालच्या एका हातात नेहमी कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला आणि दुसऱ्यात पेपर असे, त्यामुळे फाटक कोपराने उघडावं. मधली खोली रोज पाणी ओतून धुतली जाई आणि ते पाणी चौकात लोटलं जाई, म्हणून फाटकाखाली नऊ इंच मोकळी जागा असावी. तुळजेने नाकाने ढकललं की फाटक उघडावं. वेणूने ढकललं तर उघडू नये.

"पण कोण ढकलतंय, हें फाटकाला कसं कळणार?" मी विचारलं.

"तेंच तर ठरवायचं आहे," अध्यक्ष म्हणाले. "गाय ढकलते ती अधिकाराने ढकलते. पोर ढकलतं तें खोडीने. दोहोंत फरक आहे."

मी फरक आहे असं लिहिलं.

सप्टेंबरात राजगोपालने मद्रासच्या एका दुकानाचं सूचीपत्र मागवलं. त्यात आधुनिक घरांसाठी परदेशी बनावटीच्या फाटकांची सात चित्रं होती. एका चित्रात फाटकामागे एक गोरं गुटगुटीत मूल उभं होतं आणि त्याच्या शेजारी लांब कानांचं एक कुत्रं. दोघंही फाटकावर अतिशय खूश दिसत होती. असं फाटक आपल्या चौकटीत असावं असं पाहताक्षणी सगळ्यांना वाटलं. चित्र ओसरीवर भिंतीला लावण्यात आलं आणि गल्लीतले लोक येऊन पाहून गेले.

सूचीपत्राबरोबर एक छापील पत्रक होतं. मुलाचं वजन, मुलाची उंची, पाळीव प्राण्याचा प्रकार, प्राण्याचं वजन, प्राण्याची उडी. मुलाचे रकाने भरले. प्राण्यापाशी अध्यक्षांनी "गाय" असं लिहायला सांगितलं, तेवढ्यात विशालाक्षीबाई आतून बाहेर आल्या.

"तुळजेला पाळीव जनावर म्हणालांत तर मी जेवणार नाहीं. ती लक्ष्मी आहे ह्या घरची."

"मग तो रकाना मोकळा सोडूं?" राजगोपालने विचारलं.

नरसिंहरावांनी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, एकही रकाना मोकळा सोडला नव्हता. ते आठवडाभर अस्वस्थ होते. शेवटी चोळपुरम्‌हून एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून कुत्रं आणायचं ठरलं. ते आलं, त्याचं वजन झालं, आणि उडी मोजण्यासाठी त्याच्यापुढे पाट उभे केले. ते पाटाच्या सावलीत झोपलं. त्याचं नाव मेजर ठेवलं.

आता कुत्रं घरात आलं म्हणजे सोवळ्याचा प्रश्न आला. मेजर ओसरीच्या पुढे येता कामा नये, म्हणून ओसरीलाही एक फाटक लागणार होतं. त्यासाठी उपसमिती नेमली. मेजरसाठीही तात्पुरती व्यवस्था करावी लागली, ती म्हणजे एक दोरी आणि एक खांब. ती करायला पाव तास लागला. दाराशी बसलेल्या सुनेने ते सगळं पाहिलं आणि ती म्हणाली, "कुत्र्याचं बरं बेगीन झालं."

"तें जनावर आहे, सूनबाई," नरसिंहराव समजुतीने म्हणाले. "त्याला थांबायला कसं सांगणार?"

मद्रासच्या दुकानाचं उत्तर दीड महिन्याने आलं. कुत्र्यासाठी फाटक क्रमांक तीन योग्य आहे, परंतु पत्राच्या शेवटी आपण जी गाय नमूद केली आहे तिच्या जोगा माल आमच्याकडे नाही, असं त्यात विनयपूर्वक कळवलं होतं. फाटक घरचंच घडवायचं ठरलं. पण तोवर महामहम जवळ आलं होतं. बारा वर्षांनी येणारा तो सोहळा, तळ्यात स्नानाला लाखो माणसं यायची. गावातले झाडून सगळे सुतार तळ्याभोवती वासे आणि बांबू बांधण्यात गुंतले होते.

अध्यक्षांनी संधी ओळखली. लाखो माणसं ज्या कठड्यांनी अडवतात ते कठडे एक मूल अडवायला काही शिकवतील, म्हणून समितीने तळ्यावर अभ्यासदौरा काढला. आम्ही तीन दिवस जात होतो. नरसिंहराव काठीने प्रत्येक वासा ठोकून बघत. शेवटी त्यांनी निष्कर्ष सांगितला, की गर्दी अडवण्यासाठी आधी गर्दी असावी लागते. तो मी लिहून घेतला.

स्नानासाठी त्यांच्या घरी सतरा पाहुणे उतरले. सतराच्या सतरा जणांना विहिरीवर जायचं असे. सून दारात बसलेली, तेव्हा प्रत्येक जण "जरा पाय" म्हणे, ती पाय आखडे, माणूस जाई, ती पाय पसरे. दिवसातून शंभरदा तरी. पुदुकोट्टैहून आलेल्या एका आत्याने न राहवून विचारलंच, "हिला बसायला दुसरी जागा नाहीं कां ह्या घरांत?"

नरसिंहरावांनी तिला सगळी योजना समजावून सांगितली. आत्या प्रभावित झाली. "तुमचं फाटक होईल तेव्हां होईल," ती म्हणाली, "पण हें बरं आहे हो. माणूस ओळखतं."

महामहम आटोपल्यावर कण्णुसामी आसारी मोकळा झाला. आमच्याकडे सुताराला आसारी म्हणतात. कण्णुसामी साठीचा, अबोल माणूस होता. त्याने चौकट पाहिली, विहीर पाहिली, आता दुडुदुडु चालणारा वेणू पाहिला, मग दाराशी बसलेल्या बाईकडे पाहिलं आणि खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. तमिळमध्ये तो एवढंच म्हणाला, "एक फळी, दोन बिजागऱ्या, एक आकडा. दुपारपर्यंत बसवतो."

नरसिंहरावांनी त्याच्या अनुभवाबद्दल आदर व्यक्त केला आणि त्याच्या हातात अकरा पानांच्या गरजा ठेवल्या. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्या वाचून दाखवल्या. ऐकताना त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर कागदावरच ठेवली.

तीन आठवड्यांनी पहिला नमुना आला. सागवानी, वर कमळं कोरलेली, गायीच्या मापाने रुंद, खाली नऊ इंच मोकळं. दिसायला राजवाड्यात शोभेल असं होतं. समितीसमोर चाचणी झाली. तुळजा फाटकापाशी आली, तिने कमळं हुंगली, मागे वळली आणि ओसरीत जाऊन बसली. मेजरला आत आणलं, त्याने पंजाने कडी उडवून फाटक उघडलं. आणि वेणू जमिनीवर पालथा झाला, नऊ इंचांतून पलीकडे सरकला आणि उठून विहिरीकडे पळाला. फाटकाला न शिवता पार होणारा घरातला तो पहिला माणूस. त्याच्या आईने त्याला चौकाच्या मध्यावर पकडलं. ती धापा टाकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"सूनबाई, तुम्हीं मध्येंच उचललंत," अध्यक्ष म्हणाले. "चाचणी अपुरी राहिली."

ती पोराला घट्ट धरून पुन्हा दारात जाऊन बसली. नमुना मागे पाठवला.

मे महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, तंजावरला. कुंभकोणमपासून पंचवीस मैल. चार दिवस जाऊन येते, असं तिने सांगितलं. अध्यक्षांनी लेखी अर्ज मागितला. तिने तो दारात बसून, भाजीच्या पाटावर कागद ठेवून लिहिला. त्यावर बराच विचार झाला. तात्पुरती व्यवस्था चार दिवस हलवायची तर दुसरी तात्पुरती व्यवस्था हवी, आणि ती उपलब्ध नव्हती. विशालाक्षीबाईंचं सोवळं, राजगोपालची पतपेढी, अध्यक्षांची कंबर.

"वेणूला घेऊनच जातें," ती म्हणाली. "मग दारांत कोण कशाला बसायला हवं?"

हे बिनतोड होतं. मग राजगोपालला आठवलं, की दुसऱ्या नमुन्याची चाचणी त्याच आठवड्यात आहे आणि चाचणीला मूल लागतं. मूल नसेल तर फाटक आणखी लांबेल, आणि ते मुलाच्याच हिताचं नाही. अर्ज खेदपूर्वक नामंजूर झाला. लग्नाच्या आठवड्यात चाचणी काही झाली नाही, कारण आसारी स्वतः तिरुनागेश्वरम्‌ला एका लग्नाला गेला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी इतिवृत्तावर सही घ्यायला गेलो. ती दारात बसली होती. केसांत मोगऱ्याचा गजरा होता, रेशमी पातळ नेसली होती आणि पाय समोरच्या चौकटीला टेकवले होते. बहिणीच्या लग्नाला नटायचं ते नटून ती तिथेच बसली होती. मला फार वाईट वाटलं. इतिवृत्तात ते लिहायची सोय नव्हती.

सप्टेंबर १९५६मध्ये समितीने अहवाल पूर्ण केला. तोवर तीन नमुने परत गेले होते. अहवालाचं वाचन मीच केलं. त्यातला मुख्य भाग असा होता: "गेल्या चौदा महिन्यांत सदर विहिरीत, अथवा विहिरीच्या जवळपास, एकही अपघात घडलेला नाही. सबब विहिरीपासून बालकास धोका असल्याचं सिद्ध होत नाही. सबब फाटकाची आवश्यकता नाही. तात्पुरती व्यवस्था मात्र आहे तशी चालू ठेवावी, कारण ती बंद करण्यास स्वतंत्र ठराव लागेल."

दाराशी हालचाल झाली. सून उठून उभी राहत होती. चौकटीला धरून, हळूहळू, गुडघे सोडवत.

"मामंजी, धोका नाहीं म्हणतां?"

"कागदोपत्रीं नाहीं, सूनबाई."

"सरि," ती म्हणाली. बरं, ठीक, असा आमच्याकडे त्याचा अर्थ. तिने वेणूला उचललं, आणून राजगोपालच्या मांडीवर बसवलं. "हा घ्या. हातांत धरा, खालीं ठेवूं नका. मी बहिणीला बघून येतें. चार दिवसांनी येईन." तिने चपला घातल्या, पिशवी घेतली आणि ती पुढच्या दाराने तंजावरच्या बसला निघून गेली. अर्ज नाही, मंजुरी नाही. आम्ही सगळे तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिलो.

"सह्या करूं या आतां," अध्यक्ष म्हणाले.

आधी त्यांनी केली. मग राजगोपालची पाळी आली. सही करायला हात मोकळा हवा, म्हणून त्याने वेणूला खाली ठेवलं.

बावीस महिन्यांचं पोर किती वेगाने पळतं, याची नोंद आमच्या अकरा पानांत कुठेही नव्हती. नरसिंहरावांनी झोपाळ्यावरून उठायचा प्रयत्न केला, पण त्यांची कंबर धरली. विशालाक्षीबाई ओलेत्याने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या नुसत्या "अय्यो, अय्यो" ओरडल्या. राजगोपालच्या दातांत पेनचं टोपण होतं. मी धावलो. चौक ओला होता. मी सपशेल पालथा पडलो, घसरत गेलो, आणि हात लांब केला तेव्हा हाताला एक घोटा लागला.

वेणूचं डोकं विहिरीच्या मोकळ्या बाजूवरून खाली वाकलेलं होतं. तो खाली पाण्याकडे बघून हसत होता. "तण्णि," तो मला म्हणाला. पाणी. त्याचं पाऊल माझ्या मुठीत होतं आणि मूठ सैल करायची मला भीती वाटत होती. एवढंसं पाऊल होतं ते. मी तसाच पडून राहिलो आणि रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

विशालाक्षीबाई ओलेत्याने धावत आल्या, त्यांनी पोराला उचललं आणि माझ्या हातातून त्याचा पाय सोडवला. सोवळं त्या दिवशी मोडलं.

मग मी दारात जाऊन बसलो. कुणीतरी बसायलाच हवं होतं. चौकटीला पाठ लावली, पाय पसरले. पहिली दहा मिनिटं बरं वाटलं. पुढच्या दहात चौकटीचा काठ पाठीत रुतायला लागला. वेणू दर दोन मिनिटांनी येऊन अंगावर चढायचा, त्याला परतवायचं. तहान लागली तर उठता येत नव्हतं. अर्ध्या तासात दोन्ही पायांना मुंग्या आल्या. मी राजगोपालला हाक मारली. तो पाऊण तास बसला. मग अध्यक्ष बसले. दारात बसायची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. बारा मिनिटांनी ते घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आसारीला बोलवा! आतांच्या आतां!"

कण्णुसामी आला. एक फळी, दोन बिजागऱ्या, एक आकडा. साडेतीन वाजता फाटक बसलं होतं. आकडा त्याने चौकाच्या बाजूला, खाली लावला, म्हणजे मुलाचा हात पोचणार नाही आणि कुत्र्याचा पंजाही. काम झाल्यावर त्याने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. अहवालातली पानं आम्ही बदलली. समितीच्या चौदा महिन्यांच्या अथक परिश्रमांतून सदर फाटक साकार झालं आहे, असं आता तिथे लिहिलेलं आहे.

पाचव्या दिवशी सून परत आली. आम्ही सगळे ओसरीवर होतो. ती आत गेली आणि फाटकापुढे उभी राहिली. तिने वाकून आकडा काढला, पुन्हा लावला. पुन्हा काढला. मग ती चौकाच्या मध्यावर जाऊन, कमरेवर हात ठेवून, नुसती उभी राहिली. त्या दिवशी ती कुठेही बसली नाही. संध्याकाळी ती शेजारी गेली, तिथून पलीकडच्या घरी गेली. मला बरं वाटलं. प्रकरण इथेच संपायला काही हरकत नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी तुळजा फाटकापाशी येऊन हंबरायला लागली. विशालाक्षीबाई ओलेत्याने फाटकाशी थांबल्या, त्यांना आकड्याला शिवायचं नव्हतं. अध्यक्षांना वाकता येत नव्हतं. राजगोपालच्या हातात पेला होता. "अग, जरा उघड," "सूनबाई, जरा लावा," असं दिवसभर चाललं होतं, आणि प्रत्येक वेळी ती कुठून तरी येत होती. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावलं. फाटक उत्तम आहे, पण ते उघडायला-लावायला जवळ कुणीतरी असावं. त्यासाठी पूर्वाधार पाहिला पाहिजे.

पूर्वाधार म्हणजे कपाटातलं मोडी कागदांचं गाठोडं. ते घराण्याचं भूषण होतं आणि दर दसऱ्याला त्याची पूजा होत असे. घरात मोडी कुणालाच येत नव्हती. मी तंजावरहून व्यंकोजींना घेऊन आलो. व्यंकोजी म्हणजे मोडी सरसर वाचणारा आमच्या माहितीतला शेवटचा माणूस. ते दोन दिवस वाचत होते. बहुतेक कागद हत्तींच्या वैरणीचे निघाले. अध्यक्षांचा चेहरा उतरत चालला. तेवढ्यात व्यंकोजी एका कागदावर थबकले आणि मोठ्याने वाचू लागले, "विहिरीचे दारीं एक बायको ठेवावी. दार उघडावें, लावावें, पोरें राखावीं."

नरसिंहरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस, चंद्रमौली? दोनशे वर्षांपूर्वीं आमच्या वाडवडिलांनी विचार करून ठेवला होता."

सगळे जण एकाच दिशेला बघू लागले. ती फाटकाशी उभी होती, नुकतंच तुळजेला आत घेऊन तिने आकडा लावला होता.

"त्या बायकोचं नांव काय लिहिलंय?" तिने विचारलं.

व्यंकोजींनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "नांव नाहीं," ते म्हणाले. "पुढल्या ओळींत हत्तीचं नांव आहे."

मग ती माझ्याकडे वळली. "चंद्रमौली अण्णा, तुमच्या वहींत माझं आहे कां, बघा बरं."

मी इतिवृत्ताची वही पहिल्यापासून चाळली. तुळजा जागोजाग होती. मेजर होता, वजनासकट. कण्णुसामी होता. पुदुकोट्टैची आत्यासुद्धा एकदा होती. तात्पुरती व्यवस्था तर प्रत्येक पानावर होती. तिचं नाव कुठेच नव्हतं. मी पेनचं टोपण काढलं आणि तिला नाव विचारलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. तिने ते स्पष्ट सांगितलं.

"पद लिहितात," नरसिंहराव म्हणाले. "माणूस येतं, जातं. पदावरच्या माणसाचं नांव लिहायची रीत नाहीं."

मी त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस. मी टोपण परत लावलं. विहीरद्वारी एक बायको कायम नेमण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि फाटकाशेजारी तिच्यासाठी एक पाट देण्यात आला.

वाचकहो, तुम्हाला आमचा राग आला असेल. येऊ द्या, आम्ही त्याच लायकीचे आहोत. पण गायीचं नाव तुम्हाला आता ठाऊक आहे, कुत्र्याचं आहे, सुताराचं आहे, दोन दिवस मोडी वाचून गेलेल्या म्हाताऱ्याचंही आहे. तिचं नाव काय, हे तुम्हीही अजून विचारलेलं नाही.